वडील आयसीयूत, दोन हप्ते थकलेले, नोकरी कंत्राटी: आधी कोणत्या दारात जावं?

प्रश्न, थोडक्यात: मी २६ वर्षांचा, गाव सोलापूर जिल्ह्यात. इंजिनिअरिंगसाठी सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलं, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षं, हप्ता ८,१०० रुपये. सध्या चाकणला एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला आहे, पगार १९,५००. वडिलांना हार्ट अटॅक आला, पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात आणलंय. अँजिओप्लास्टी सांगितलीय, दीड लाख डिपॉझिट मागतायत. बँकेचे दोन हप्ते थकलेत, रोज फोन येतात. सुपरवायझर म्हणतो, सोमवारी आला नाहीस तर नाव कमी करीन. मोबाईलवरच्या एका ॲपवर दोन लाखांचं कर्ज लगेच मिळतंय. घेऊ का?

उत्तर:

आज घेऊ नका. उद्याही कदाचित लागणार नाही. कर्ज सगळ्यात शेवटी.

धर्मादाय हॉस्पिटलांच्या समाजसेवा विभागात मी बरीच वर्षं काम केलं. तिथे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. लोक आधी ॲपचं कर्ज घेतात, मग सोनं मोडतात, मग पाहुण्यांकडे हात पसरतात. हे सगळं संपलं की डिस्चार्जच्या दिवशी, डोळे खाली घालून, आमच्या टेबलाशी येतात आणि विचारतात, "मॅडम, काही कमी होईल का?" त्या दिवशी आमच्या हातात फारच थोडं उरलेलं असतं. सवलतीचा अर्ज, योजनेची मंजुरी, विम्याचा कागद, हे सगळं पहिल्या दिवशी करायचं असतं. जे हक्काचं आहे ते आधी, मदतनिधी त्यानंतर, आणि उसने पैसे अगदी शेवटी. क्रम उलटा होतो तो लाजेपायी. आपण भीक मागतोय असं वाटतं. तुम्ही भीक मागत नाही आहात.

डिपॉझिट

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात कलम ४१एए आहे. त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये एक योजना घालून दिली आणि ती त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून लागू झाली. ट्रस्टच्या हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. खर्च भागवायला इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची. त्याला सगळे आयपीएफ (निर्धन रुग्ण निधी) म्हणतात. त्याच योजनेत स्पष्ट लिहिलंय की तातडीच्या रुग्णाला दाखल करताना डिपॉझिट मागायचं नाही, प्राण वाचवणारे उपचार आधी करायचे. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात अनामत रकमेवरून गदारोळ झाला तेव्हा पुष्कळांना हा नियम पहिल्यांदा कळला. तोवर तो जवळजवळ एकोणीस वर्षं कागदावर होता.

म्हणून बिलिंगच्या खिडकीशी वाद घालू नका. तिथल्या मुलीला स्क्रीनवर रक्कम दिसते आणि ती वसूल झाली नाही की तिला वरून बोलणी बसतात. थेट समाजसेवा विभागात जा, "एमएसडब्ल्यू (म्हणजे हॉस्पिटलातले समाजसेवक) कुठे बसतात" असं विचारा. रात्र असेल तर ॲडमिशनच्या टेबलावर विचारा. डॉक्टरांना केस पेपरवर "तातडीचा रुग्ण" असं लिहायला सांगा. मग एक साधा अर्ज द्या: रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, "दुर्बल घटक योजनेखाली दाखल करून घ्यावे", तारीख, सही. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच द्यायला कुणी कां-कूं केलं तर तोच मजकूर हॉस्पिटलच्या ईमेलवर पाठवा.

"निर्धन" का नाही लिहायचं? कारण निर्धनची मर्यादा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार आहे. तुमचा एकट्याचा पगारच वर्षाला २ लाख ३४ हजार होतो. दुर्बल घटकाची मर्यादा ३ लाख ६० हजार आहे, तिच्यात वडिलांची कोरडवाहू शेती धरूनही तुम्ही बसाल. त्यात सगळं मोफत होत नाही. तपासण्या आणि शस्त्रक्रियेचे दर सवलतीचे लागतात. औषधं, साहित्य आणि इम्प्लांट खरेदीच्या किमतीला मिळतात, पण त्यातला निदान अर्धा भाग रुग्णाने भरायचा असतो. तरी मूळ बिलाशी ताडून पाहिलं तर फरक मोठा पडतो.

कागद लागतील ते असे: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार. दाखला गावाकडून यायला वेळ लागत असेल तर भावाला किंवा चुलत्यांना आजच कामाला लावा आणि तोवर अर्ज आत जाऊ द्या. हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर कुणी "वीस हजार उत्पन्नाचा दाखला काढून देतो" म्हणेल. त्याच्या नादी लागू नका. तुमच्या खात्यात पगार जमा होतो, पगारपत्रक आहे. खोटा दाखला उघडा पडला की खऱ्या हक्काचीही फाईल बंद होते. शिवाय त्या खाटेवर खरोखर शून्य उत्पन्नाची बाई येऊ शकली असती, हेही मनात राहू द्या.

"खाटा भरल्यात" किंवा "आयपीएफ संपलाय" हे उत्तर हमखास येईल. कधी ते खरं असतं. मोठ्या शस्त्रक्रियांचा खर्च २ टक्क्यांत भागत नाही, ही हॉस्पिटलांची तक्रार मी आतून पाहिलीय आणि ती अगदीच निराधार नाही. पण खरं आहे की नाही हे तुम्ही तोंडी ऐकून ठरवू नका. ते लेखी मागा, आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे किंवा धर्मादाय रुग्णालय मदत कक्षाकडे तक्रार करा. लेखी उत्तर मागितल्यावर खाट सापडते, असं अनेकदा घडतं.

दुसरा प्रश्न, तोही आजच विचारायचा

"इथे महात्मा फुले जनआरोग्य योजना चालते का?" चालत असेल तर तिथे आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. जुलै २०२४ पासून या योजनेत सर्व रेशन कार्डधारक येतात, पांढरं कार्डसुद्धा, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. अँजिओप्लास्टी त्यात बसते. अट इतकीच की उपचाराआधी मंजुरी घ्यावी लागते. तातडीच्या रुग्णाची मंजुरी फोनवरून घेता येते, कागद मागाहून देता येतात. पण पैसे भरून घरी गेल्यावर "आता परत द्या" म्हणायची सोय नाही, योजना रोकडविरहित आहे. हेल्पलाइन १५५३८८. हे हॉस्पिटल योजनेत नसेल तर वडिलांना जवळच्या योजनेतल्या हॉस्पिटलात हलवता येईल का, हे फक्त हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. हा निर्णय पैशांवरून घेऊ नका आणि रिक्षात बसवून तर मुळीच हलवू नका.

आता तुमचं पगारपत्रक उघडा

पीएफच्या खालच्या ओळीत ईएसआयसी, म्हणजे राज्य कामगार विमा, असेल. १९,५०० पगारावर तिथे १४७ रुपये कापलेले दिसतील. ०.७५ टक्के तुमचे, ३.२५ टक्के मालकाचे. पगार महिना २१,००० पर्यंत असला की हा विमा लागू होतो आणि कंत्राटी कामगारालाही होतो. तुमच्यासारखी मुलं तो आकडा दर महिन्याला पाहतात आणि "काहीतरी कापतात" म्हणून सोडून देतात. त्या १४७ रुपयांत तुमचे आई-वडीलही येतात, मात्र ते तुमच्यावर अवलंबून असले पाहिजेत आणि त्यांचं स्वतःचं उत्पन्न महिना ९,००० च्या आत असलं पाहिजे.

ठेकेदाराच्या ऑफिसातून तुमचा दहा आकडी विमा क्रमांक घ्या, आणि वडिलांचं नाव कुटुंबात नोंदलंय का ते पाहा. नसेल तर लगेच नोंदवून घ्या. नेहमीची वाट दवाखान्यातून ईएसआयच्या हॉस्पिटलात जाते. पुण्याच्या बाजूला बिबवेवाडी आणि चिंचवडचं मोहननगर ही ती ठिकाणं. हृदयासारखे उपचार तिथून करार केलेल्या हॉस्पिटलात होतात, आणि त्यासाठी काही महिन्यांची वर्गणी भरलेली असावी लागते. तातडीमुळे दुसरीकडे दाखल करावं लागलं असेल तर सरकारी दराने परतावा मागता येतो. त्यासाठी दाखल केल्याचं ईएसआयच्या दवाखान्यात ताबडतोब लेखी कळवा आणि प्रत्येक मूळ पावती जपून ठेवा. एकाच बिलाचे पैसे दोन ठिकाणांहून मिळत नाहीत, म्हणून कोणती वाट धरायची ते समाजसेवकाशी बसून एकदाच ठरवा.

पगारातून कापतात आणि विमा क्रमांकच नाही असं निघालं, तर ठेकेदाराने ते पैसे भरलेले नाहीत. मग तक्रार ईएसआयच्या कार्यालयात करायची, आणि ती करताना मूळ कंपनीलाही सोडायचं नाही.

गरीब कोणाला म्हणायचं?

इथे जरा थांबते. तुमच्या प्रश्नात न लिहिलेला राग आहे, आणि तो रास्त आहे.

तुमचं घर एकच आहे. धर्मादाय हॉस्पिटलात १ लाख ८० हजारांच्या वर गेलात म्हणून तुम्ही निर्धन नाही, पण ३ लाख ६० हजारांच्या आत म्हणून दुर्बल आहात. शैक्षणिक कर्जाच्या व्याज अनुदानासाठी केंद्राची जुनी मर्यादा साडेचार लाख. नोव्हेंबर २०२४ च्या पीएम विद्यालक्ष्मीत ३ टक्के व्याज सवलतीसाठी ती ८ लाख. ईएसआयमध्ये मोजमाप महिन्याचं, २१,००० रुपये. तिथेच वडिलांचं मोजमाप वेगळं, ९,०००. आणि जनआरोग्य योजनेत आता उत्पन्न कुणी विचारतच नाही. प्रत्येक खिडकीला वेगळा दाखला, वेगळा फॉर्म, वेगळी व्याख्या. आयसीयूच्या बाहेर बाकावर रात्र काढलेल्या माणसाने हे सगळं पाठ करून यावं, ही अपेक्षाच निर्दय आहे.

त्यातून ईएसआयची २१,००० ही मर्यादा जानेवारी २०१७ ची. तेव्हापासून पगार चढले, भाडी चढली, हॉस्पिटलांचे दर तर विचारूच नका. उद्या तुम्हाला दोन हजारांची पगारवाढ मिळाली की वर्गणीचा चालू काळ संपताच हा विमा जाईल. दोन हजारांत वडिलांसकट कुटुंबाचा खाजगी विमा कुठे मिळतो? हृदयविकार झालेल्या माणसाला तर कुणी दारात उभं करणार नाही. पगारवाढ नको म्हणणारे कामगार मी पाहिलेत आणि त्यांचा हिशोब बरोबर होता.

शैक्षणिक कर्जाचंही तेच. जुन्या करपद्धतीत व्याजाची आठ वर्षं आयकरात वजावट मिळते, असं बँकेत कौतुकाने सांगतात. तुमच्या १९,५०० वर आयकरच लागत नाही, मग वजावट कशातून करणार? ज्याला लाखभर पगार मिळाला त्याचं व्याज सरकार थोडं उचलतं, आणि ज्याला चाकणला ठेकेदाराकडे उभं राहावं लागलं त्याचं नाही.

स्टेंट

बिलावर एक गोष्ट स्वतः वाचा. स्टेंटच्या, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीच्या, किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून केंद्राची कमाल मर्यादा आहे. औषध लावलेल्या स्टेंटची तेव्हा २९,६०० होती, ती दरवर्षी बदलत आता ३९,००० च्या आसपास आहे, वर जीएसटी. स्टेंट "पॅकेज"मध्ये गुंडाळून दाखवायचा नाही. बिलावर त्याची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळा लिहावा लागतो. खोक्यावरचा स्टिकर फाईलमध्ये चिकटवलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. "परदेशी घ्यायचा की साधा?" असं कुणी घाईत विचारलं तर घाबरून "चांगला घाला" म्हणू नका. मर्यादेच्या आतलाच घाला, असं सांगा.

आणि बिल बाकी आहे म्हणून बरा झालेला रुग्ण अडवून ठेवायचा अधिकार कुठल्याच हॉस्पिटलला नाही. बाकी रक्कम ते दिवाणी मार्गाने वसूल करू शकतात, माणूस धरून नाही.

बँक

फोन बंद ठेवू नका. सगळ्यात आधी थकलेल्या हप्त्याला ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत, होतं आणि मग शाखा व्यवस्थापकाच्या हातात फार काही राहत नाही. त्याआधी शाखेत जा. कॉल सेंटरवाल्याला काहीही ठरवायचा अधिकार नसतो. हॉस्पिटलच्या दाखल्याची प्रत आणि पगारपत्रक जोडून अर्ज द्या. दोन गोष्टी मागा. एक, काही महिने हप्त्यातून सवलत. बेकारी किंवा कमी पगाराच्या काळात अशी सवलत दोन-तीन वेळा देता येते, असं बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेतच म्हटलंय. दोन, मुदत दहाऐवजी पंधरा वर्षं. तुमच्या सहा लाखांवर साडेदहा टक्क्यांनी हप्ता ८,१०० वरून साधारण ६,६५० वर येईल. मात्र शेवटी भरलेला एकूण पैसा सव्वादोन लाखांनी जास्त होईल आणि पुनर्रचनेची नोंद क्रेडिट रेकॉर्डवर राहील. मी तुमच्या जागी असते तर आधी पहिली सवलत मागितली असती, मुदतवाढ अगदीच जमलं नाही तर.

कर्जाचं स्टेटमेंट काढून व्याज अनुदान जमा झालं होतं का, तेही पाहा. शिकताना उत्पन्न साडेचार लाखांच्या आत होतं आणि फॉर्म भरायचा राहिला, अशी प्रकरणं पुष्कळ असतात. दरवेळी मागचं मिळत नाही, पण विचारल्याशिवाय तर मुळीच मिळत नाही.

वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलंय. तारीख, वेळ, नंबर वहीत टिपा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट. फोन १४४४८.

वडील या कर्जाचे सहकर्जदार आहेत का? बहुधा असतील, शैक्षणिक कर्जात पालकांची सही असतेच. मग त्यांच्याही मोबाईलवर बँकेचे फोन जात असणार. तो फोन तुमच्याकडे घ्या. आयसीयूतून वॉर्डात आणलेल्या एका शेतकऱ्याने तोंडावरचा मास्क बाजूला करून मुलाला पहिला प्रश्न विचारला होता, "हप्ता गेला का रं?" त्याला वाटायचं आपण गेलो तर बँक रान घेईल. त्या कर्जाला रान तारणच नव्हतं, साडेसात लाखांच्या आतलं ते कर्ज होतं. पण हे त्याला कुणी समजावून सांगितलंच नव्हतं, ना शाखेने, ना मुलाने. तुमच्या वडिलांना सांगा.

नोकरी

इथे खोटा धीर देणार नाही. आजारी आई-वडिलांच्या शुश्रूषेसाठी खाजगी नोकरीत हक्काची वेगळी रजा आपल्याकडे नाही. ईएसआयची आजारपणाची भरपाई मिळते ती तुम्ही स्वतः आजारी पडलात तर.

आहे ते एवढंच: कारखान्यात वीस दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा. त्यासाठी आधी वर्षात २४० दिवस भरावे लागत, नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत १८० लागतात. ठेकेदाराकडून तुमच्या शिल्लक रजा विचारा. आजच सुपरवायझर आणि ठेकेदार दोघांना व्हॉट्सॲपवर लिहा: वडील अमुक तारखेपासून आयसीयूत, सोबत केस पेपरचा फोटो, अमुक तारखेला कामावर येतो. परतायची तारीख लिहिणं फार महत्त्वाचं. न कळवता पाच दिवस गायब झालेल्याचं नाव सहज कमी करता येतं. तारीख लिहून कळवलेल्याचं करायला ठेकेदारालाही कारण शोधावं लागतं. शक्य असेल तर लाइनवरच्या एखाद्या मित्राशी पाळी बदलून घ्या आणि परत गेल्यावर त्याच्या पाळ्या न चुकता फेडा. माणुसकी मला एचआरच्या केबिनपेक्षा लाइनवर जास्त दिसलीय, पण तिचा बोजाही तिथल्याच दमलेल्या पोरांवर पडतो.

पीएफमधूनही आजारपणासाठी आगाऊ रक्कम ऑनलाइन मिळते, वडिलांच्या आजारासाठीही. तुमच्या खात्यात फार नसेल. पण ते तुमचेच पैसे आहेत, त्यांना व्याज नाही.

मग कर्ज कधी?

हे सगळं करून, बिलाचा अंदाज लेखी हातात आल्यावर. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही त्याच लेखी अंदाजावर होतो, म्हणून तो कागद समाजसेवकाकडून आजच मागून ठेवा. तरीही वीस-तीस हजार कमी पडले तर घरातलं सोनं मोडू नका. बँकेत तारण ठेवा, आणि नेमके कमी पडतील तेवढेच उचला. ॲपवाल्यांचे दोन लाख "मंजूर" झाले म्हणून ते सगळे घ्यावे लागत नाहीत. तुमच्या १९,५०० मधून ८,१०० आधीच बँकेचे आहेत, भाडं-जेवण गेलं की दुसऱ्या हप्त्याला त्यात जागाच नाही. ते ॲप तुमच्या फोनमधले सगळे नंबर मागत असेल तर ते आत्ताच काढून टाका.

अर्जाची पोच मिळाली, किंवा नाकारली, तर इथेच कळवा. नाकारली असेल तर कुणाच्या सहीने आणि काय कारण लिहून, ते जसंच्या तसं टाका. पुढची तक्रार त्या ओळीवरच करायची आहे.